कीबोर्डाचा मुजरा

जव्हारला बदली होऊन आलेल्या माणसाला दोन गोष्टी हमखास दाखवल्या जातात. एक मुकण्यांचा जयविलास राजवाडा, दुसरा शिरपामाळ. राजवाड्यापाशी फोटो काढायचा आणि शिरपामाळावर इतिहास ऐकायचा. सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या शिवाजीमहाराजांचा मुक्काम १६६३ च्या अखेरीस या माळावर पडला, जव्हारचे राजे विक्रमशहा त्यांना सामोरे आले आणि महाराजांनी त्यांना मानाचा शिरपेच दिला, अशी परंपरा आहे. शिरपेचावरून शिरपामाळ. वाटेतला राजा आपल्या बाजूचा, एवढी खात्री झाली आणि फौज पुढे सरकली.

बँकेतला संगणक रोज सकाळी नेमके हेच करतो, असे म्हटले तर इतिहासाचे प्राध्यापक रागावतील. पण मी बी.कॉम. आहे, मला सवलत असावी. बटण दाबल्याबरोबर संगणक कामाला लागत नाही. आधी दरबार भरवतो. मेमरी हजर? हजर. कीबोर्ड हजर? यावर कीबोर्डाने स्वतःची तपासणी करून 'एए' ही सांकेतिक खूण परत पाठवायची असते. त्याचे तीन दिवे तेव्हा क्षणभर लुकलुकतात. हा त्याचा मुजरा! तो चुकला की १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीवर नुसता '३०१' हा आकडा उमटे. पुढच्या यंत्रांना वाचा फुटली. ती सांगू लागली, की कीबोर्ड सापडत नाही, तरी पुढे जायला एफ-वन दाबा. म्हणजे मेलेल्या माणसानेच दाखल्यासाठी अर्ज करायचा. हे वाक्य लिहिणारा गृहस्थ सरकारी नोकरीत रमला असता.

बँकांत संगणक सहजासहजी आला नाही. १९८३ साली बँक मालकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला, मग लेजर पोस्टिंगची यंत्रे आली. यंत्र आले की माणूस घरी जाणार, ही भीती तेव्हा घरोघर होती. सकाळी यंत्रच उठणार नाही, ही काळजी मात्र आमच्या पिढीच्या वाट्याला आली.

मी तिथल्या एका शाखेत होतो तेव्हा कीबोर्डाचा प्लग वाटोळा असे, १९८७ पासून चालत आलेला. आत सहा नाजूक काड्या. शेजारी माऊसचे भोक, अगदी जुळे भावंड. जांभळे कीबोर्डाचे, हिरवे माऊसचे. झाडू मारताना वायर ओढली जाई, जव्हारच्या पावसाने काड्या गंजत. कधी कीबोर्ड ठणठणीत असे, पण त्यावर व्हाउचरांचा गठ्ठा टेकलेला. कळ दाबलेली राहिली तरी यंत्र तीच बोंब मारते.

एका सकाळी निराधार योजनेचे पैसे घ्यायला पाड्यावरून एक म्हातारबाबा आले होते. अर्धी वाट पायी, अर्धी एस.टी.ने.

"बाबा, मशीन बंद आहे. बसा जरा."

"बसतो साहेब. पण वही हाय ना तुमच्याकडं?"

वही कधीच अडगळीत गेली होती. हे त्यांना कसे सांगायचे? पूर्वी वीज जावो, वादळ येवो, टाकाला हजेरी लावावी लागत नसे. मी यंत्र पूर्ण बंद केले (हा प्लग चालू यंत्रात खुपसू नये), प्लग उपसला. एक काडी वाकलेली. रिकाम्या रिफिलीची नळी तिच्यावर चढवून हळूच सरळ केली, प्लग बसवला, बटण दाबले. तीन दिवे लुकलुकले. बाबांना दुपारची एस.टी. मिळाली.

आता यूएसबी आले. काड्या गेल्या, पण मुजऱ्याचा घोळ उरला. विंडोज उघडल्यावर धडधडीत चालणारा कीबोर्ड सुरुवातीला मुका राहतो, कारण यूएसबीची भाषा बायॉसला आधीपासून यावी लागते. जुन्या यंत्रांत त्यासाठी 'लेगसी सपोर्ट' नावाची सोय चालू करतात. ती चालू करायला बायॉसमध्ये शिरावे लागते आणि शिरायला कीबोर्ड लागतो! अशा वेळी जुना वाटोळा कीबोर्ड उसना आणावा. तो नसेल तर आहे तोच मधल्या हबमधून काढून थेट यंत्राच्या पाठीत लावून पाहावा.

शिरपेचही विक्रमशहांना फार दिवस पुरला नाही. १६७२ साली मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतलेच.