बाजार समितीचं मूळ गाव

सरकारी हुकुमाने नियम घालून दिलेला भारतातला पहिला शेतमाल बाजार कारंजा लाडला भरला, १८८६ साली. कारंजा तेव्हा अमरावती जिल्ह्यात होतं, आज वाशीममध्ये आहे. वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंटच्या हाती असल्यामुळे हुकूम त्याच्याच कचेरीतून निघाला. पुढे १८९७ साली ‘वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा’ झाला. या विषयावरचा देशातला हा पहिला कायदा. परवानाधारक अडत्या, परवानाधारक मापारी, ठरलेली हमाली-तोलाई आणि या सगळ्यांवर देखरेख करणारी समिती हे आज गावोगावच्या यार्डात दिसणारं चित्र तिथून आलेलं आहे.

हे पंजाबात किंवा बंगालात न होता वऱ्हाडात का झालं? उत्तर वऱ्हाडापासून फार लांब सापडतं. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर फोर्ट सम्टर नावाचा किल्ला आहे. १२ एप्रिल १८६१च्या पहाटे गुलामगिरी राखू पाहणाऱ्या बंडखोर राज्यांनी त्याच्यावर तोफा डागल्या आणि यादवी पेटली.

तिच्या मुळाशी कापूस होता. १७९३ साली एली व्हिटनीने सरकी काढण्याचं यंत्र बनवलं आणि दक्षिणेतल्या जमीनदारांना कापसाचं वेड लागलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नऊ लाखांच्या आत असलेली गुलामांची संख्या १८६०पर्यंत चाळीस लाखांच्या घरात गेली. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशांहून जास्त कापूस याच माणसांच्या हातांनी वेचलेला असे. युद्ध सुरू होताच लिंकन सरकारने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. लिव्हरपूलला येणारी जहाजं थांबली, गिरण्यांचे भोंगे बंद पडले आणि लाखो इंग्रज कामगार सदावर्तावर आले. मँचेस्टरच्या मालकांनी मग हिंदुस्थानच्या नकाशावर बोट ठेवलं. १८६० साली ब्रिटनच्या आयातीत हिंदी कापसाचा वाटा जेमतेम १६ टक्के होता, १८६२ साली तो ७५ टक्क्यांवर गेला.

वऱ्हाडचा कापूस त्याआधीही बाहेर जात होता, पण बैलाच्या पाठीवरून. विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी १८२५-२६च्या सुमारास इथून मुंबईला पहिला मोठा माल पाठवला. त्याहून मोठा ओघ उत्तरेकडे होता. अमरावतीहून पाचशे मैलांवरच्या मिर्झापूरला आणि तिथून गंगेच्या पाण्यावरून कलकत्त्याला माल जाई. १८४२ साली एकट्या एका व्यापाऱ्याने या वाटेने एक लाख बैलांचं ओझं रवाना केलं, अशी नोंद गॅझेटियरमध्ये आहे. ही सारी वाहतूक लमाणांच्या तांड्यांची. वाटेत धूळ बसायची, पाऊस लागायचा, उतारावर पोती फुटायची. लँकेशायरच्या कामगाराच्या हाती पडेपर्यंत त्या कापसाची रया गेलेली असे.

१८५३ साली निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला होता. त्यामुळे युद्धाची बातमी आली तेव्हा कपाशीची काळी जमीन आणि तिच्यावरचा हुकूम दोन्ही इंग्रजांच्या मुठीत होते. १८६१ साली सहा लाख एकरांच्या आसपास असलेला वऱ्हाडातला कापसाचा पेरा चार वर्षांत दुपटीवर, बारा लाखांवर गेला. भाव चौपटीच्याही वर चढले. लिव्हरपूलच्या दलालांच्या भावपत्रकात अमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ ही जात स्थिरावली. कास्तकाराच्या हातात कधी नव्हे एवढा रोकडा आला. बंडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या गोष्टी त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवल्या आहेत. त्या शब्दशः खऱ्या मानायची गरज नाही. पण ज्वारीच्या शिवारात पऱ्हाटी शिरली, ही गोष्ट मात्र शब्दशः खरी आहे आणि तिची किंमत पुढे द्यावी लागली.

तेजीबरोबर भेसळही आली. रुईत सरकी, माती आणि वजन वाढवायला पाणी. लँकेशायरच्या चर्चमध्ये कुणी कापसासाठी प्रार्थना केली की मागून आवाज येई, देवा, कापूस दे, पण सुरती नको! हिंदी कापसाला तिकडे सरसकट सुरती म्हणत. १८६३ साली मुंबई सरकारने कापसातल्या लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. बाजार समितीचं बीज इथे पडलं. माल स्वच्छ आणि कोरडा हवा, तो कुणाचा आहे हे कळायला हवं आणि विकणाऱ्या-मोजणाऱ्यावर सरकारची नजर हवी, ही मागणी गिरणीमालकांची होती. कास्तकाराने तशी मागणी केली नव्हती. त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

एप्रिल १८६५मध्ये दक्षिणेच्या जनरल लीने शरणागती पत्करली. १ जुलैला मुंबईचा शेअरबाजार कोसळला आणि बॅक बे भराव कंपनीच्या शेअरवर उड्या मारणाऱ्या पेढ्या बुडाल्या. वऱ्हाडात पडझड सावकाश आली. कारण भाव उतरत असतानाच रेल्वे येऊन पोचत होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ अकोला, बडनेरा करत १८६७ साली नागपूरला भिडले. बाजार मंदावला तरी यंत्रणा वाढतच राहिली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापूस आयुक्त नेमला गेला, हॅरी रिव्हेट-कार्नाक. त्याचे अहवाल वाचताना अंगावर काटा येतो, कारण तो काही लपवत नाही. रेल्वेचा फाटा आला की विलायती कापड इथल्या हातमागाच्या कापडापेक्षा स्वस्त विकता येईल, सूतकताईत जिरणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल आणि कातणारे-विणणारे हात शेतमजुरीला मिळतील, असा हिशेब त्याने स्वच्छ मांडला आहे. मार्च १८७०मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आला आणि जलंबहून निघालेला आठ मैलांचा फाटा त्याने सुरू केला. बडनेरा-अमरावती फाटाही त्याच सुमाराचा.

नियम येण्याआधी सौदा कसा व्हायचा? बंडी बाजारात उभी राहिली की दलाल बोंदरीत कोपरापर्यंत हात घालून तळातला कापूस उपसायचा, चिमटीत धरून दोन्ही अंगठ्यांनी तंतू ओढून बघायचा. मग त्याचा आणि खरेदीदाराचा हात रुमालाखाली जाई. बोटं दाबून भाव ठरे आणि जो माल विकत होता त्यालाच तो शेवटी कळे. काट्यावर गेल्यावर कटती निघे, माल ओला म्हणून, सरकी बारीक म्हणून. वर धर्मादाय, तोलाई, हमाली. परत जायला दिवसभराची वाट असलेला माणूस मिळेल त्या भावाला बंडी रिकामी करी.

त्याच वर्षांत अमेरिकेतही युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या नावाखाली कापूस पिकवणाऱ्याच्या अगतिकतेचं हेच दुखणं वाढत होतं. जानेवारी १८६५मध्ये जनरल शर्मनने मुक्त झालेल्या कुटुंबांना किनाऱ्यालगतच्या जमिनीपैकी प्रत्येकी चाळीस एकरांपर्यंत तुकडे देण्याचा हुकूम काढला. वर्ष संपायच्या आत राष्ट्राध्यक्ष अँड्रयू जॉन्सनने त्यातली बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत केली. गुलामाचा बटाईदार झाला. बी-बियाणं, खेचर आणि पोटाला लागणारं धान्य दुकानदाराकडून उधारीवर, तारण उभं पीक. १८७७ साली उत्तरेचं सैन्य मागे हटलं आणि मताचा अधिकारही हळूहळू हिसकावला गेला. वऱ्हाडातला कुणबी आणि मिसिसिपीतला काळा बटाईदार एकाच लिव्हरपूलच्या भावाला बांधलेले होते. तिथे पीक वाढलं की इथे भाव पडे. इथे रयतवारी पाहणीने जमीन गहाण टाकता येण्याजोगी झाली आणि कोर्टाने सावकाराचा हुकूमनामा अंमलात आणला. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे जातीची गुलामी होती. दहा वर्षांनी त्यांनीच ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. हा क्रम वऱ्हाडच्या वाचकाला तरी योगायोगाचा वाटू नये.

१८९७च्या कायद्याने बाजाराला शिस्त आली, हे मान्य करायलाच हवं. वजनं तपासली जाऊ लागली, मापारी-दलाल नोंदले गेले. पण समितीत बसलं कोण? सदस्य पाच. त्यांतले दोन नगरपालिकेचे, तीन कापूस व्यापाऱ्यांचे. ज्याची बंडी बाजारात उभी होती त्याला खुर्ची नव्हती. कायदा झाला ती वर्षं १८९६-९७च्या आणि १८९९-१९००च्या दुष्काळांची होती. ज्वारीचं रान पऱ्हाटीने व्यापलेलं, धान्य महाग आणि कापसाच्या गठाणी मात्र बंदराकडे जातच राहिल्या. १८९१च्या खानेसुमारीत २८ लाख ९७ हजार असलेली वऱ्हाडची वस्ती १९०१ला २७ लाख ५४ हजारांवर आली.

शेतकऱ्याला समितीत जागा नाही, ही उणीव शाही कृषी आयोगाने १९२८ साली नोंदवली, म्हणजे कारंज्याच्या हुकुमानंतर ४२ वर्षांनी. मध्य प्रांत-वऱ्हाडात १९३२ साली कापूस बाजाराचा आणि १९३५ साली इतर शेतमालाचा नवा कायदा झाला. महाराष्ट्राच्या १९६३च्या अधिनियमाने समितीत शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना बहुसंख्या दिली. ही बहुसंख्या खऱ्या कास्तकाराची की त्याच्या नावावर निवडून येणाऱ्याची, यावर अकोल्या-अमरावतीत प्रत्येक निवडणुकीला कडाक्याचं भांडण होतं आणि ते व्हायलाच हवं. बाकी तपासणीचा निकष फारसा बदललेला नाही. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर कापूस आला की ओलावा मोजण्याचं यंत्र गंजीत खुपसलं जातं. ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की हमीभावातून कटती, बारा टक्क्यांच्या वर गेला की खरेदी नाही. दिवाळीच्या सुमारास, पहिल्या वेचणीचा, दवात भिजलेला कापूस घेऊन येणाऱ्याला हा आकडा तोंडपाठ असतो.