प्रबंध आणि पायाखालची भूमी

मुंबई-पुणे रस्त्याच्या दोन्ही अंगांस पसरलेल्या आपल्या नगराची ओळख सामान्यतः कारखान्यांचे शहर अशीच करून देण्यात येते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. पिंपरी, आकुर्डी, निगडी, ताथवडे या परिसरात अभियांत्रिकीची, वैद्यकाची, वास्तुरचनेची महाविद्यालये उभी आहेत, आणि तेथील पदव्युत्तर विद्यार्थी दरवर्षी आपापले प्रबंध परीक्षकांपुढे ठेवीत असतात. प्रबंध बांधला जातो, त्यावर सोनेरी अक्षरे उमटतात, पदवी मिळते, आणि तो ग्रंथालयाच्या कपाटात जाऊन बसतो. ज्या भूमीवर बसून तो लिहिला गेला तिला त्याचा काय लाभ, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. तो विचारावयाचा तर प्रबंधलेखनाची आपल्या प्रांतातील परंपरा थोडी मागे जाऊन पाहिली पाहिजे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. ते मुख्यत्वे परीक्षा घेणारे विद्यापीठ होते. विद्यार्थ्याने नेमलेले ग्रंथ वाचावेत आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे लिहावीत, एवढीच अपेक्षा होती. स्वतः प्रश्न काढावा, त्याचा माग घ्यावा आणि जे सापडेल त्याचे विद्वानांपुढे समर्थन करावे, ही रीत जर्मन विद्यापीठांनी एकोणिसाव्या शतकात रूढ केली. आपल्याकडे ती बऱ्याच उशिरा आली. म्हणून आपल्या माणसांचे आरंभीचे काही महत्त्वाचे प्रबंध परदेशात लिहिले गेले आहेत.

त्यांतील एक तर आपल्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या आणि फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये पदवीधर झाल्या. त्या पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध सादर केला त्याचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. हा विषय वरवर पाहता ग्रंथांतरीचा वाटतो. पण त्यामागे काय होते हे विसरता येत नाही. लहान वयात त्या आई झाल्या आणि त्यांचे मूल अवघ्या काही दिवसांत गेले. पुरुष डॉक्टरला दाखवावयाचे नाही आणि स्त्री डॉक्टर तर मिळत नाही, या कोंडीत आपल्या देशातील किती बायका जीव गमावीत होत्या, हे त्यांनी जवळून पाहिले होते. आपल्या जुन्या वैद्यकात बाळंतिणीची काळजी कशी सांगितली आहे, हे परक्या देशातील परीक्षकांपुढे मांडावे, असे त्यांस वाटले असेल तर त्यात नवल नाही. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांस बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. प्रबंध उरला, वैद्यकी करावयाची राहिली.

दुसरे उदाहरण अभियांत्रिकीचे. कोल्हापूर भागात १९०८ साली जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे हे जर्मनीत गॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकले आणि १९३६ साली त्यांस डॉक्टरेट मिळाली. प्रांटल म्हणजे हवा पृष्ठभागास लागून कशी वाहते याचे आधुनिक शास्त्र उभारणारा पुरुष. असल्या गुरूपाशी लिहिलेला प्रबंध हा सूत्रांचा आणि समीकरणांचाच असणार. पण घाटगे स्वदेशी आले, बंगळूरच्या विज्ञान संस्थेत विमानविद्या शिकवू लागले, आणि पुढे हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली एच. टी. २ या शिकाऊ विमानाचे आरेखन झाले. १९५१ साली ते विमान आकाशात गेले. येथे प्रबंध कपाटात राहिला नाही. पण हेही ध्यानात घ्यावे की, त्याला उतरावयास जागा मिळाली ती देशात विमानाचा कारखाना होता म्हणून. विद्येस कर्मभूमी लागते.

आता तिसऱ्या विषयाकडे, म्हणजे नगररचनेकडे वळू. या विद्येची मुहूर्तमेढ आपल्या प्रांतात एका जीवशास्त्रज्ञाने रोवली, ही मौजेची गोष्ट आहे. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस हे मूळचे वनस्पतिशास्त्राचे अध्यापक. ते १९१४ साली हिंदुस्थानात आले, अनेक शहरे पायी हिंडून त्यांनी अहवाल लिहिले, आणि १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचा जो विभाग निघाला त्याचे ते पहिले प्राध्यापक झाले. गेडिस शहराकडे वैद्याच्या दृष्टीने पाहत. आधी निदान, मग उपचार, हा त्यांचा दंडक होता. रुंद सरळ रस्ता काढावयाचा म्हणून जुनी वस्ती सरसकट पाडणाऱ्या इंजिनिअरांवर त्यांचा राग असे. दोनचार पडकी घरे काढावीत, विहीर साफ करावी, एखादे झाड राखून त्याखाली पार बांधावा, आणि बाकीची वस्ती जगू द्यावी, अशा उपायाला ते जपणुकीची शस्त्रक्रिया म्हणत. यंत्रविद्या, वैद्यक आणि भूदृश्याचा विचार या तिन्ही गोष्टी त्यांच्या एका डोक्यात नांदत होत्या. पुढे या तिघींचे संसार वेगळे झाले, आणि आज त्यांची महाविद्यालये एका आवारात असली तरी एकीचा विद्यार्थी दुसरीच्या दारात जात नाही.

एखादा प्रदेश कसा वाचावा, याचा उत्तम धडा मात्र आपल्याला दूर शोधण्याची गरज नाही. तो आपल्याच नगराच्या हद्दीत आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी आपल्या हिंदी सहकाऱ्यांसह एका खेड्याची बारकाईने पाहणी केली आणि १९१७ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ते खेडे म्हणजे पवनेकाठचे पिंपळे सौदागर. आज तेथे उंच इमारती आणि दिव्यांनी झगमगणारी दुकाने आहेत. त्या वेळी ते शे-सव्वाशे उंबऱ्यांचे शेतकरी गाव होते. मान यांच्या मंडळींनी माती पाहिली, पाण्याचा निचरा पाहिला, विहिरी पाहिल्या, झाडेझुडपे पाहिली, गुरे मोजली, जमिनीचे वाटे तपासले आणि कुटुंबाकुटुंबाचा जमाखर्च मांडला. जुन्या कागदांवरून त्यांनी असे दाखविले की, १७७१ साली या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. गावातील फारच थोडी कुटुंबे केवळ शेतीवर सुखाने राहू शकत होती. काही बाहेरच्या मजुरीने कशीबशी तोंडमिळवणी करीत. उरलेली कर्जात बुडत चालली होती.

या पाहणीचा विशेष कशात आहे? तिच्यात मातीचे शास्त्र आहे, पाण्याचे आहे, अर्थशास्त्र आहे. पण यांपैकी कोणतेही एक शास्त्र मालक होऊन बसलेले नाही. मालकी गावाच्या प्रश्नाकडे आहे, आणि शास्त्रे त्याच्या चाकरीत आहेत. हीच रीत पुढे गोखले अर्थशास्त्र संस्थेने पुण्यास लावली. तिचे प्रमुख धनंजयराव गाडगीळ यांनी केंब्रिजच्या पदवीसाठी लिहिलेला प्रबंध हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीवर होता. तो १९२४ साली ग्रंथरूपाने निघाला. पण परदेशी लिहिलेल्या या प्रबंधावर ते थांबले नाहीत. त्यांच्या देखरेखीखाली पुणे शहराची सामाजिक व आर्थिक पाहणी झाली आणि तिचे दोन भाग १९४५ व १९५२ साली प्रसिद्ध झाले. पुढे त्याच शहराची फेरपाहणीही संस्थेने केली.

वैद्यकाच्या अंगाने असेच एक उदाहरण पिंपरीत घडले. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि पुढल्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. तेथील संशोधन विभागाचे डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी मातीतील सूक्ष्म जंतूंचा शोध घेत होते. औषधे देणारे कितीतरी जंतू मातीत राहतात, हे तोवर जगास ठाऊक झाले होते. या मंडळींना एका जंतूपासून बुरशीच्या रोगांवर चालणारे द्रव्य मिळाले आणि १९६१ साली त्यांनी ते हॅमायसिन या नावाने जाहीर केले. त्या जंतूचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असे ठेवण्यात आले. पुढे या कारखान्यास वाईट दिवस आले, ही गोष्ट आपण सर्व जाणतो. तथापि जगाच्या शास्त्रीय कोशात पिंपरीचे नाव गेले ते मोटारीमुळे किंवा स्कूटरमुळे नव्हे, मातीतल्या एका जंतूमुळे, हे आपल्या मुलांस आवर्जून सांगावे असे आम्हांस वाटते.

इतके सांगितल्यावर पुनावळ्याकडे येऊ. मुळशी तालुक्यातील हे गाव १९९७ साली महानगरपालिकेत आले. महामार्गाचे सान्निध्य आणि हिंजवडीची संगणक उद्योगांची वसाहत यांमुळे तेथील शेतांवर पाहता पाहता गृहसंकुले उभी राहिली. याच गावाच्या हद्दीतील सुमारे २२ हेक्टर वनजमीन शहराच्या कचरा डेपोसाठी राखून ठेवण्यात आली होती. आरक्षण जुने, वस्ती नवी. २०२३ साली रहिवाशांनी या डेपोस जोराचा विरोध केला आणि त्या वर्षाच्या अखेरीस शासनाने प्रकल्प रद्द केल्याची घोषणा विधिमंडळात केली. विरोध करणारे चूक होते असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या मुलांच्या श्वासाची काळजी करण्याचा हक्क प्रत्येकास आहे. पण एवढ्याने प्रश्न मिटला असेही नाही. कचरा रोज निघतो, आणि १९९० च्या दशकापासून मोशी तो सोसत आहे. मोशीतही माणसेच राहतात.

या एकाच प्रश्नाचे किती पदर आहेत ते पाहा. आपली भूमी काळ्या पाषाणाची. वर मातीचा थर, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक, आणि मग सलग दगड. पाणी या मुरमातून व भेगांतून चालते आणि विहिरी, बोअर यांना मिळते. ओल्या कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी याच वाटेने गेले तर कोठवर जाईल, हा इंजिनिअराचा प्रश्न आहे. कचऱ्याच्या धुराने व धुळीने वस्तीतील लहान मुलांस आणि कचरा वेचणाऱ्या बायांस काय होते, हा वैद्याचा प्रश्न आहे. कोणत्या उतारावर रान राखावे, ओढ्यास किती अंतर सोडावे, वाऱ्याची दिशा पाहून वस्ती कोठे असू द्यावी, हा भूदृश्यरचना करणाऱ्याचा प्रश्न आहे. यावर तीन विद्यार्थी तीन उत्तम प्रबंध लिहू शकतील. पण ते तिघे एकमेकांस भेटलेच नाहीत, तर पालिकेच्या टेबलावर अर्धवट ज्ञानाचे तीन तुकडे येतील, आणि निर्णय पूर्वीप्रमाणेच मोर्चाच्या आणि मंत्र्यांच्या भरवशावर होईल. लोकशाहीत मोर्चा असावा. परंतु मोर्च्याच्या हातीही खरी माहिती असावी.

येथे कोणी म्हणेल की, प्रबंध हा विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठी असतो, गावाच्या उपयोगासाठी नव्हे. या म्हणण्यात तथ्य आहे. घाटग्यांचा प्रबंध उपयोगाच्या अटीवर तोलला असता तर तो लिहिलाच गेला नसता. शुद्ध विद्येचा मान राखलाच पाहिजे. परंतु आपल्या महाविद्यालयांतील बहुसंख्य प्रबंध काही शुद्ध विद्येचे नसतात. ते उपयोजनाचेच असतात, फक्त उपयोग करणारा त्यांस भेटत नाही. परदेशातील शहराची आकडेवारी घेऊन आपल्या गणकयंत्रावर ती फिरवून दाखविण्यापेक्षा, पुनावळ्याच्या ओढ्याचे चार पावसाळे मोजणे हे विद्यार्थ्यास अधिक शिकवून जाते. कारण तयार आकडे प्रश्न विचारीत नाहीत; ओढा विचारतो.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, या नगराविषयी लिहिल्या गेलेल्या प्रत्येक पदव्युत्तर प्रबंधाची एक प्रत शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात ठेवावी. पीएच.डी.च्या प्रबंधांसाठी शोधगंगा हे भांडार आहे, एम. ई., एम. डी., एम. आर्क. यांच्या प्रबंधांना मात्र असे हक्काचे घर नाही. दुसरी, प्रत्येकाबरोबर चार पानांचा मराठी सारांश असावा, म्हणजे ज्याच्या विहिरीचे पाणी तपासले त्यास आपल्या पाण्याविषयी काय ठरले ते कळेल. तिसरी, महाविद्यालयांनी वर्षाकाठी एक गाव निवडावे आणि तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांनी ते मिळून वाचावे, जसे मान यांच्या मंडळींनी पिंपळे सौदागर वाचले.

या गोष्टींना फार पैसा लागत नाही. पिंपळे सौदागरची ती पाहणी झाली तेव्हा त्या मंडळींपाशी गणकयंत्रे नव्हती, उपग्रहांची चित्रे नव्हती. चालणारे पाय होते, विचारण्याची तयारी होती, आणि समोरच्या शेतकऱ्याचे उत्तर टिपून घेण्याइतका आदर होता. शंभर वर्षांपूर्वी त्या गावात एका कुटुंबाकडे किती जमीन होती, हे आज आपल्याला सांगता येते ते त्या आदरामुळे. आजपासून शंभर वर्षांनी कोणी पुनावळ्याविषयी विचारले, तर त्यास देण्यासारखे उत्तर आपण मागे ठेवणार आहोत काय, एवढेच श्रोत्यांनी मनाशी विचारून पाहावे.