पहिला समुद्रप्रवास

समुद्रप्रवासास प्रथमच निघणाऱ्या मनुष्यास उपदेश करणाऱ्यांची वाण कधींच पडत नाहीं. कोणी लिंबाचें लोणचें बांधून देतो, कोणी गरम कपड्यांची यादी करतो, तर कोणी वादळाच्या गोष्टी सांगून धीर देण्याच्या मिषानें धीर खचवितो. हल्लीं मुंबई बंदरांतून गोव्याकडे किंवा लक्षद्वीपाकडे केवळ हौसेखातर सफरीस जाणाऱ्या कुटुंबांनाही हा लाभ भरपूर होतो. परंतु या उपदेशांपैकीं खरोखर उपयोगाचे चार-दोनच असतात. आणि त्या प्रत्येकाची किंमत कोणीतरी आधीं मोजलेली असते. ती कोणीं व कशी मोजली, याचाच आज थोडा विचार करावयाचा आहे.

समुद्रावर मौजेसाठीं जावें ही कल्पना फार जुनी नव्हे. १८४४ सालीं पी. अँड ओ. कंपनीनें थॅकरे या इंग्रज कादंबरीकारास भूमध्यसमुद्रांत फुकट फिरवून आणलें व त्यानें त्यावर पुस्तक लिहिलें, हा या व्यवसायाचा एक आरंभ. पुढें १८९१ सालीं हँबुर्गच्या आल्बर्ट बालिन यांनीं, हिवाळ्यांत अटलांटिकवर उतारू कमी मिळतात म्हणून, आपली एक मोठी आगबोट भूमध्यसमुद्राच्या सफरीस काढली. आणि १९०० सालीं केवळ सफरीसाठींच बांधलेली पहिली बोट पाण्यावर उतरली. आपल्याकडे मात्र त्या काळीं समुद्र ओलांडणें ही हौस नव्हती. विद्येसाठीं वा पोटासाठीं पत्करलेलें तें धाडस होतें. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी अमेरिकेस आणि पंडिता रमाबाई इंग्लंडास निघाल्या, तेव्हां त्यांच्या घरांतील कोणीही स्त्री त्या वाटेनें पूर्वी गेलेली नव्हती.

या बाबतींत सर्वांत प्रांजळ साक्ष गांधीजींची आहे. ४ सप्टेंबर १८८८ रोजीं ते ‘क्लाइड’ बोटीनें मुंबईहून निघाले, तेव्हां त्यांस एकोणीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. इंग्रजी बोलण्याचा संकोच, काट्यासुरीची संवय नाहीं, आणि कोणत्या पदार्थांत मांस नाहीं हें विचारण्याचा धीर नाहीं. म्हणून घरून आणलेल्या मिठाईवर व फळांवर त्यांनीं मुख्यतः खोलींतच निर्वाह केला. बोटीवर काळा पोशाख वापरून पांढऱ्या फ्लॅनेलचे कपडे त्यांनीं उतरतांना शोभतील म्हणून राखून ठेवले होते. सप्टेंबरअखेर इंग्लंडच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवलें, तों तसा पोशाख केलेले ते एकटेच! तो बदलावा, तर सारें सामान किल्ल्यांसुद्धां, इतरांचें पाहून, एजंटाच्या स्वाधीन केलेलें. आणि दुसरा दिवस रविवारचा.

ही हकीकत वाचून हसूं येतें, पण तींत नवख्या प्रवाशाचें सारें शास्त्र आलें आहे. आहाराविषयीं तिकीट काढतांनाच कळवावें आणि बोटीवर पुन्हा निःसंकोचपणें विचारावें. जेथें उतरावयाचें तेथील हवामान आधीं समजून घ्यावें. औषधें, कागदपत्रें, किल्ल्या आणि एक जोड कपडे हातांतल्या पिशवींत ठेवावे; कारण मोठ्या ट्रंका खोलीवर पोंचावयास आजही कित्येक तास लागतात.

बोट लागण्याचें भय पुष्कळांस वाटतें. त्यांत लाज मानण्यासारखें कांहीं नाहीं. आरमाराचा अग्रणी नेल्सन यासही ती लागे, आणि डार्विननें ‘बीगल’वरील पांच वर्षांत तिचा मनस्वी जाच सोसला. कानाच्या आंतील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियास हालचाल जाणवते, डोळ्यांस मात्र समोरची भिंत स्थिर दिसते; या दोन विसंगत साक्षींनीं मेंदू गोंधळतो. म्हणून खोली शक्य तों बोटीच्या मध्यभागीं व खालच्या मजल्यावर घ्यावी, डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहावें, पोट अगदीं रिकामें ठेवूं नये व तुडुंबही भरूं नये. वैद्याच्या सल्ल्यानें घ्यावयाचें औषध बोट हलण्यापूर्वीच घ्यावें.

येथपर्यंत गैरसोयीची गोष्ट झाली. आतां जी सूचना सांगावयाची, तिची किंमत प्राणांनीं मोजली गेली आहे. १९१२ च्या एप्रिलमध्यें ‘टायटॅनिक’ बुडाली, तेव्हां तिच्यावर सुमारें २,२०० माणसें होतीं आणि लाइफबोटींत जागा १,१७८ जणांपुरती. त्यांतूनही पहिली लाइफबोट खालीं सोडली, ती ६५ जणांची असून तींत २८ च माणसें बसलीं होतीं. कोणीं कोणत्या लाइफबोटीकडे जावयाचें, याचा उतारूंकडून सरावच करून घेतला नव्हता. आपल्या दारीं, १७ जुलै १९४७ रोजीं, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ पावसाळी समुद्रांत कलंडली व सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. तो दिवस दिव्यांच्या अवसेचा. घरीं वाट पाहणाऱ्या कित्येक कुटुंबांना तो कायमचा अंधाराचा झाला.

इतकें होऊनही सराव बोट सुटल्यावर चोवीस तासांच्या आंत केला म्हणजे पुरे, असा नियम पुष्कळ वर्षें चालला. १३ जानेवारी २०१२ च्या रात्रीं ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ ही सफरीची बोट इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटली. त्याच संध्याकाळीं चढलेल्या शेंकडों उतारूंचा सराव दुसऱ्या दिवसावर ठेवलेला होता. बत्तीस माणसें दगावलीं. त्यानंतर १ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला, आणि असा सराव आतां बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटतांच व्हावा लागतो.

म्हणून बोटीवर चढल्यावर समुद्राची शोभा पाहण्याआधीं आपली लाइफबोट कोठें आहे हें पाहावें. खोलीपासून तेथपर्यंत एकदां स्वतः चालून जावें, लाइफ-जाकीट अंगावर घालून पाहावें, मुलांनाही दाखवावें. सात आंखूड व एक लांब शिटी म्हणजे संकटाची सूचना, हें घरच्या वडील माणसांसही समजावून द्यावें. सरावाच्या वेळीं चहाचा पेला हातांत घेऊन थट्टा करणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्यांत सामील होऊं नये. तो अर्धा तास ज्यांना मिळाला नाहीं, त्यांच्यामुळेंच आज तो आपल्याला मिळतो आहे.