मोटार डिटेलिंग : घाऊक दराचा ताळेबंद

नंदुरबार - मोटार धुऊन, आतून-बाहेरून स्वच्छ करून, पॉलिश मारून नव्यासारखी करून देणारी डिटेलिंगची दुकाने आता केवळ महानगरांची मक्तेदारी राहिलेली नाहीत. दाबाने पाणी मारणारा पंप, व्हॅक्युम क्लीनर आणि पॉलिशचे यंत्र एवढ्या भांडवलावर तालुक्याच्या गावीही हा व्यवसाय सुरू करता येतो. दुकान थोडे नावारूपाला आले, की एखादा जुन्या गाड्यांचा व्यापारी दारात येतो आणि विचारतो, ‘महिन्याला वीस गाड्या देतो, भाव काय लावाल?’ या एका प्रश्नाला दिलेल्या उत्तरावर अनेकदा दुकानाचे भवितव्य ठरते. उत्तर घाईने दिले, तर दुकानात गाड्यांची रांग दिसते, पण महिनाअखेरीस कर्जाचा हप्ता खिशातून भरावा लागतो.

जिल्ह्याचे चित्र

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी असे त्याचे सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख असून, दर सहा जणांपैकी पाच जण ग्रामीण भागात राहतात. साहजिकच, हौसेने हजारो रुपये मोजून मोटारीला पॉलिश करून घेणारा वर्ग येथे पुणे-नाशिकच्या तुलनेत लहान आहे. त्यामुळे एकगठ्ठा काम देणारे घाऊक गिऱ्हाईक हवेसे वाटते.

मात्र, याच कारणामुळे ते जपूनही घ्यावे लागते. अशी गिऱ्हाइके मोजकीच असतात आणि ती एकमेकांना ओळखतात. एकाला दिलेला भाव दुसऱ्याच्या कानी जायला वेळ लागत नाही. एकदा खाली आलेला दर पुन्हा वर नेणे लहान बाजारपेठेत फार कठीण असते.

घाऊक गिऱ्हाईक कोण?

जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करणारे ‘कार बाजार’वाले हे यातील प्रमुख गिऱ्हाईक. विकत घेतलेली गाडी विक्रीसाठी मांडण्यापूर्वी ती चकचकीत करणे त्यांना भागच असते. त्याखालोखाल नव्या गाड्यांची शोरूम, डेंटिंग-पेंटिंगची गॅरेज, प्रवासी वाहने चालविणारे ट्रॅव्हल्सवाले, शासकीय कार्यालयांना भाड्याने गाड्या पुरविणारे कंत्राटदार आणि खासगी रुग्णालये येतात.

या सर्वांच्या गरजा सारख्या नसतात. कार बाजारवाल्याला फोटोत आणि पहिल्या नजरेत गाडी उठून दिसायला हवी असते. ट्रॅव्हल्सवाल्याला पॉलिशपेक्षा आतील स्वच्छता आणि वेळेवर मिळणारी गाडी महत्त्वाची वाटते. शोरूमला वितरणाच्या दिवशी डाग, ओरखडा नको असतो. म्हणून सर्व घाऊक गिऱ्हाइकांना एकच दरपत्रक देणे चुकीचे ठरते.

आधी तासाचा भाव काढा

किरकोळ दरातून अमुक टक्के सूट दिली की घाऊक दर तयार झाला, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात दर खालून वर, म्हणजे खर्चापासून काढायला हवा. उदाहरणादाखल, एका वेळी एकच गाडी घेता येईल असे दुकान आणि दोन कामगार धरू. दरमहा जागेचे भाडे १२ हजार, दोघांचा पगार २६ हजार, वीज-पाणी ५ हजार, कर्जाचा हप्ता ९ हजार, यंत्रांची झीज व किरकोळ खर्च ३ हजार आणि मालकाची स्वतःची मजुरी २० हजार, असे एकूण ७५ हजार रुपये होतात. मालकाची मजुरी हिशेबात न धरणे ही या व्यवसायातील नेहमीची चूक आहे.

महिन्यात २५ दिवस, रोज आठ तास, असे २०० तास दुकान उघडे असले, तरी वीज जाणे, गिऱ्हाइकांशी बोलणे, साफसफाई यांतून प्रत्यक्ष कामाचे तास १५० च्या आसपास उरतात, असे मानू. म्हणजे दुकानाचा प्रत्येक कामाचा तास ५०० रुपयांना पडतो. कार बाजारच्या एका गाडीला धुलाई, आतील सफाई आणि एका हाताचे पॉलिश मिळून चार तास लागले, तर २ हजार रुपये वेळेचे आणि ३५० रुपये शाम्पू, कंपाउंड, पॅड, मायक्रोफायबर कापड यांचे. खर्चच २,३५० रुपये झाला. त्यावर पंधरा टक्के नफा धरला, तर दर सुमारे २,७०० रुपये येतो. वरील प्रश्नाचे पहिले उत्तर हे आहे. व्यापारी १,५०० रुपये देऊ करत असेल, तर प्रत्येक गाडीमागे ८५० रुपये कमी पडतात.

रिकाम्या तासाचा मोह

यावर असा युक्तिवाद होतो, की दुकान तसेही रिकामे असते, भाडे व पगार द्यावेच लागतात, मग साहित्याचे ३५० रुपये वजा जाता मिळणारे १,१५० रुपये तरी का सोडायचे? हा युक्तिवाद अगदीच चुकीचा नाही, पण तो अर्धाच खरा आहे.

समजा, दुकानाला महिन्याला सात किरकोळ गिऱ्हाइके मिळतात. प्रत्येकी ४,५०० रुपये दर, पाच तास वेळ आणि ५०० रुपयांचे साहित्य धरले, तर त्यातून २८ हजार रुपये सुटतात. त्यावर वीस घाऊक गाड्या २,७०० रुपये दराने केल्या, तर साहित्य वजा जाता ४७ हजार मिळून ७५ हजारांचा खर्च बरोबर भागतो. त्याच गाड्या १,५०० रुपयांत केल्या, तर २३ हजारच मिळतात आणि २४ हजारांचा खड्डा राहतो. मालकाची २० हजारांची मजुरी तर जातेच, शिवाय ४ हजार रुपये खिशातून घालावे लागतात. घाऊक काम नसते तर खड्डा ४७ हजारांचा झाला असता, हे खरे. पण पडत्या दराने तो कधीच पूर्ण भरत नाही. शिवाय वीस गाड्या ८० तास अडवून ठेवतात. त्यामुळे एखादा किरकोळ गिऱ्हाईक ऐन वेळी आला, तर जागा नाही म्हणून त्याला परत पाठवावे लागते. त्याचा एक तास साहित्य वगळून ८०० रुपये देतो, तर १,५०० रुपयांची गाडी तासाला २९० रुपयेही देत नाही.

म्हणून रिकाम्या वेळेचा दर द्यायचाच असेल, तर तो रिकाम्या वेळेपुरताच द्यावा. सोमवार ते गुरुवार, ठरावीक तासांत, ठरावीक गाड्यांपुरता आणि दोन-तीन महिन्यांच्या मुदतीने तो बांधावा. शनिवार-रविवार किरकोळ गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवावेत.

दर नव्हे, काम कमी करा

घाऊक काम स्वस्त देता येते, याची काही रास्त कारणे आहेत. जाहिरात करावी लागत नाही, प्रत्येक वेळी गिऱ्हाइकाला समजावत बसावे लागत नाही आणि काम एकसारखे असल्याने हात बसतो. याउपर सवलत द्यायची असेल, तर कामाची व्याप्ती कमी करून द्यावी. त्यासाठी दरपत्रकाचे तीन भाग करणे सोयीचे ठरते. पहिल्या भागात बाहेरील धुलाई व आतील सफाई, दुसऱ्यात विक्रीसाठीची संपूर्ण तयारी आणि तिसऱ्यात जादा आकाराची कामे असावीत.

तिसरा भाग विशेष महत्त्वाचा आहे. आसनांवरील पान-गुटख्याचे डाग, पावसाळ्यात गालिच्यात मुरलेला कुबट वास, चाकांच्या कमानीत घट्ट बसलेली काळी माती, पत्र्यावरील डांबराचे ठिपके, पिवळ्या पडलेल्या हेडलाईट ही कामे तास-दोन तास खातात. ती ‘त्यातच करून द्या’ या सदरात गेली, तर नफा तेथेच संपतो.

पहिली गाडी घेण्यापूर्वी

नव्या घाऊक गिऱ्हाइकाशी वर्षाचा करार एकदम करू नये. आधी दोन-तीन गाड्या करून प्रत्यक्ष किती वेळ लागतो, हे घड्याळ लावून मोजावे आणि मगच दर पक्का करावा. या चाचणीच्या गाड्या फुकट करून देऊ नयेत. पुढील सर्व वाटाघाटी त्या फुकटाच्या आकड्यापासून सुरू होतात.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचे फोटो, किलोमीटरचा आकडा, इंधन आणि आतील वस्तू यांची जॉब कार्डवर नोंद करून व्यापाऱ्याच्या माणसाची सही घ्यावी. जुन्या गाड्यांचे काही भाग पुन्हा रंगविलेले असतात. कारखान्यातील रंगाचा थर साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन असतो. यंत्राने मोजमाप फार वेगळे दाखवले, तर तो भाग जपून पॉलिश करावा आणि तशी नोंद ठेवावी. अन्यथा उडालेल्या रंगाची भरपाई डिटेलिंगवाल्याच्या माथी येते. गळणारे तेल पुसून दडविणे यासारखी कामे नाकारावीत. स्वच्छता करणे आणि दोष लपविणे यांतील फरक दुकानाच्या नावाशी जोडलेला असतो.

जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती झाली असून, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. अधिकृत व्यापाऱ्याने ताब्यातील वाहनाच्या प्रत्येक फेरीची, म्हणजे तिचे प्रयोजन, चालक, वेळ व अंतर यांची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणे त्यानुसार बंधनकारक आहे. त्यामुळे गाडी कोण आणणार व कोण नेणार, हे आधीच ठरलेले बरे. ने-आण दुकानाकडे असेल, तर तिचे पैसे वेगळे लावावेत.

उधारी आणि कायदा

‘गाडी विकली की पैसे देतो’ ही अट कधीही मान्य करू नये. गाडी केव्हा विकली जाईल, यावर डिटेलिंगवाल्याचा काहीच ताबा नसतो. वरील उदाहरणात महिन्याला ५४ हजारांचे काम होते. पैसे ४५ दिवसांनी मिळणार असतील, तर कोणत्याही वेळी सुमारे ८१ हजार रुपये बाहेर अडकलेले राहतात. ही रक्कम दुकानाच्या महिन्याच्या संपूर्ण खर्चाहून अधिक आहे. म्हणून सुरुवातीला गाडी नेताना रोख, विश्वास बसल्यावर आठवड्याचे बिल आणि उधारीची कमाल मर्यादा, असा क्रम ठेवावा. मर्यादा ओलांडली, की पुढची गाडी घेऊ नये.

‘उद्यम’ नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाला २००६ च्या एमएसएमईडी कायद्याचे संरक्षण आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. २०२३ च्या वित्त कायद्यानुसार, मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून वजा करता येत नाही, ती प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच वजा होते. छोट्या गावात कोणी सहसा तक्रारीपर्यंत जात नाही. पण बिलावर उद्यम क्रमांक आणि मुदत छापलेली असली, की व्यापाऱ्याचा कर सल्लागारच त्याला आठवण करून देतो.

सीमेपलीकडचे काम

नवापूर तालुका गुजरातला लागून आहे. तेथील रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, तर अर्धा गुजरातमध्ये आहे. सुरत-धुळे महामार्गही नवापूरवरूनच जातो. त्यामुळे सीमेपलीकडचा व्यापारी गिऱ्हाईक होऊ शकतो. तो गुजरातमध्ये जीएसटी नोंदणीकृत असेल, तर काम महाराष्ट्रात झाले तरी सेवा आंतरराज्य धरली जाते आणि नोंदणीकृत दुकानाला १८ टक्के आयजीएसटी लावावा लागतो. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असलेल्या सेवा व्यावसायिकाला आंतरराज्य सेवेसाठीही नोंदणीतून सूट आहे. मात्र, सहा टक्क्यांची आपसमेळ योजना घेतलेल्यांना आंतरराज्य सेवा देता येत नाही. कोणताही दर सांगताना तो करासह आहे की कराविना, हे लेखी स्पष्ट असावे. नंतर १८ टक्क्यांवरून वाद झाला, तर सगळा नफा त्यातच जातो.

हंगामाचे भान

पितृपक्षात मोटारखरेदी मंदावते आणि नवरात्रापासून दसरा, धनत्रयोदशीपर्यंत एकदम उसळी येते. घाऊक व किरकोळ दोन्ही गिऱ्हाइके याच काळात दारात उभी राहतात. तेव्हा रोज किती घाऊक गाड्या घेणार, हे करारात आधीच लिहिलेले असावे. पितृपक्षातील मोकळ्या दिवसांत सणाचा माल तयार करून घेण्यासाठी व्यापाऱ्याला थोडी सवलत दिली, तर ती दोघांच्याही हिताची ठरते. उन्हाळ्यात मात्र दुपारच्या तापलेल्या पत्र्यावर शाम्पू व बोअरचे क्षारयुक्त पाणी वाळून डाग पडतात. म्हणून तेव्हा काम सकाळी उरकावे लागते आणि दिवसाच्या गाड्याही कमी धराव्या लागतात.

एकावर भिस्त नको

निम्म्याहून अधिक उत्पन्न एकाच घाऊक गिऱ्हाइकाकडून येऊ लागले, की दर कोण ठरवतो, हा प्रश्न निकालात निघतो. त्याने काम थांबवले तरी हप्ता आणि पगार थांबत नाहीत. दोन-तीन वेगळ्या प्रकारची लहान घाऊक गिऱ्हाइके आणि हळूहळू वाढणारा किरकोळ ग्राहक, ही रचना दिसायला संथ असली तरी टिकणारी आहे. व्यापाऱ्याने भाव विचारला, की लगेच आकडा न सांगता एक दिवस मागून घ्यावा, वही काढावी आणि आपला तास कितीला पडतो, हे आधी पाहावे. त्या आकड्याखाली येणाऱ्या कामाला नम्रपणे नकार देणे, हाही या व्यवसायाचाच भाग आहे.