जोडी मिरी-मिठाची

मिरी आणि मीठ जेवणाच्या टेबलावर जुळ्या भावंडांसारखी शेजारी बसतात. हातानं पिळायचे त्यांचे ग्राइंडर दुकानात मिळतात तेही जोडीनं, एकाच उंचीचे, एकाच लाकडाचे. हल्ली ते भेट म्हणूनही घरी येतात. मग वर्षभरात त्यातला एक नुसताच गरगर फिरू लागतो, खाली काही पडत नाही. आपण म्हणतो, माल हलका निघाला. असेलही. पण बऱ्याचदा दोघांच्या पोटात एकाच जातीचे दात बसवलेले असतात, आणि खोट तिथं असते.

हे दात कुणी घडवले? पूर्व फ्रान्समध्ये, स्वित्झर्लंडच्या सीमेजवळ, प्यूजो घराण्याची धान्य दळायची चक्की होती. १८१० साली त्या घरातल्या भावांनी तिचा पोलादाचा कारखाना केला. करवतीची पाती, घड्याळाच्या स्प्रिंगा असा माल निघू लागला. १८४० मध्ये त्यांनी कॉफी दळायचं यंत्र काढलं आणि १८७४ मध्ये टेबलावरचा मिरीचा ग्राइंडर. म्हणजे दळणाची चक्की मोडून पोलाद आलं आणि पोलादातून पुन्हा चक्कीच निघाली! त्यांची पहिली मोटार त्यानंतरची, १८८९ ची, तीही वाफेवर चालणारी, तीनचाकी. त्यांच्या मोटारीवरचा सिंहसुद्धा मुळात करवतीचा. पात्याचे दात सिंहाच्या दातांसारखे कणखर आहेत, हे सांगायला तो काढला आणि १८५८ मध्ये नोंदवला. आपल्याला हे नाव कळलं ते १९९० च्या दशकात, कल्याणला तयार झालेल्या ३०९ या मोटारीमुळे. ती काही फार वर्षं निघाली नाही. मिरीचे ग्राइंडर मात्र अजून निघतात.

मिरीचा दाणा आधी तडकवावा लागतो, मग भरडावा लागतो. म्हणून आत दातांच्या दोन रांगा: वरचे मोठे आणि तिरके, दाणा खाली ओढून फोडणारे, खालचे बारीक, पूड करणारे. पोलादाचा पृष्ठभाग भट्टीत मुद्दाम कठीण केलेला असतो. जात्याला टाकी लावून घेणाऱ्या आपल्या आजीला हे वेगळं समजावावं लागलं नसतं.

मिठाचं सगळं उलटं. खडा ठिसूळ, त्याला जोर लागत नाही. पण तो हवेतली ओल ओढतो आणि साध्या पोलादाला गंजवतो. त्याला दात हवेत स्टेनलेसचे किंवा सिरॅमिकचे. सिरॅमिक मिरीलाही चालतं, फक्त आपटलं तर तुटतं. तेव्हा दुकानात लाकूड कसलं हे नंतर विचारा, आधी दात कशाचे ते विचारा. प्लॅस्टिकचे असतील तर परत ठेवा.

माझं मत विचाराल, तर मिठाला ग्राइंडरच नको. ताजं दळल्यानं मीठ जास्त खारट होत नाही. आणि कोकणातल्या जुलैत जाडं मीठ बरणीतसुद्धा पाझरतं, तिथं बिचाऱ्या यंत्रानं काय करावं? मिरीचा वास मात्र उडून जाणाऱ्या तेलात असतो. पूड करून ठेवली की हळूहळू नुसता तिखटपणा उरतो. इ. स. ४०८ मध्ये अलारिकनं रोमला वेढा घातला, तेव्हा खंडणीत सोन्याचांदीबरोबर ३,००० पौंड मिरी मागितली होती. मागितली ती मिरी. मिठाचं नाव नाही.

आमच्या घरी मिरी इमामदस्त्यात कुटली जाई. मूळ फारसी शब्द हावनदस्ता: हावन म्हणजे खल, दस्ता म्हणजे मूठ. लोकांच्या तोंडी हावनचा इमाम झाला, इमामसाहेबांचा त्यात काही हात नाही! आईचा पितळी इमामदस्ता माझ्याकडे आहे. त्यात मीठ राहू द्यायचं नाही, अशी तिची सक्त ताकीद असे. मीठ लागलं की पितळ हिरवं पडतं.

आता मनगटाला तो दस्ता झेपत नाही आणि त्याचा ठणठणाट खालच्या मजल्यावर ऐकू जातो. म्हणून मागच्या वर्षी पोलादी दातांचा मिरीचा ग्राइंडर घेतला. दुकानदार जोडी फोडून द्यायला काही केल्या तयार झाला नाही. मिठाचा फळीवर रिकामा उभा आहे.