फोटोखालचे नाव

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त ही स्मरणिका निघत आहे. तीत काहीतरी लिहून द्यावे असा अध्यक्षीणबाईंचा आग्रह झाला. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. मोठ्या विषयावर लेखणी चालविण्याचा माझा वकूब नाही. परंतु गेली काही वर्षे दुपारची भांडीकुंडी आवरली की मी जो एक उद्योग करीत असते, तो पिंपळगावात बहुतेकींना ठाऊक आहे. घरातले जुने-नवे फोटो मोबाइलवर घ्यावयाचे, त्यांची नक्षीदार पाने तयार करावयाची आणि बारसे, संक्रांत, मुंज, लग्नाचा वाढदिवस अशा प्रसंगी त्यांचीच कार्डे करून नात्यागोत्यात पाठवावयाची. कोणी याला कौतुकाने कला म्हणतात, तर कोणी रिकामपणाचा चाळा म्हणतात. दोन्ही बाजूंचे ऐकून मला वाटले की, या उद्योगाचा मागचा इतिहास काय आहे तो पाहावा. लेकीने मोबाइलवर शोधून दिले, मी वाचत गेले, आणि जे हाती आले ते भगिनींपुढे ठेवीत आहे.

आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण प्रथम घेऊ. जिजाऊ मासाहेबांचा जन्म सिंदखेडराजाचा. त्यांच्या तसबिरी आज घरोघरी आहेत, पण त्या सर्व चित्रकारांच्या कल्पनेतून उतरलेल्या. त्या काळी फोटो नव्हताच. फोटो काढण्याची विद्या फ्रान्समध्ये १८३९ साली जाहीर झाली. लवकरच ती आपल्या देशात आली आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफीची सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड हे तिचे सभासद होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः उत्तम फोटो काढीत. १८५५ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग उघडला. तेथे शिकून तयार झालेले हरिचंद चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालविला. फोटोचा धंदा करणाऱ्या आपल्याकडील पहिल्या काही माणसांत त्यांची गणना होते.

आता कार्डाची गोष्ट. पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने १८५४ साली एका काचेवर अनेक लहान फोटो घेण्याची युक्ती काढली. ते फोटो भेटीच्या कार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर, म्हणजे सुमारे अडीच इंच रुंद आणि चार इंच उंच पुठ्ठ्यावर चिकटवीत. ते स्वस्त पडत, म्हणून लोक एकमेकांना देऊ लागले. देता-घेता ते साठू लागले, तेव्हा ते ठेवावयास खाचा असलेली पुस्तके निघाली. हेच आपले आल्बम. म्हणजे फोटोचे कार्ड आणि फोटोचे पान ही दोन्ही जुळी भावंडेच म्हणावयाची. हल्ली आपण जे मोबाइलवर करतो, त्याची मुळे दीडशे वर्षांहून खोल गेलेली आहेत.

एका फोटोतील माणूस कापून दुसऱ्या देखाव्यावर बसविण्याची करामतही कॉम्प्युटरने आणलेली नाही. मुंबईच्या विल्यम जॉन्सन या गृहस्थाने १८६३ आणि १८६६ साली मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या फोटोंचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यात स्टुडिओत काढलेली माणसे कापून मुंबईतल्या देखाव्यांवर बसविली होती. तिकडे राजस्थानात नाथद्वाऱ्याचे चितारी श्रीनाथजींच्या पूजेचे चित्र काढीत आणि पूजा करविणाऱ्या कुटुंबाचे फोटोतील चेहरे कापून त्या चित्रात चिकटवीत. धड रंगाचे आणि मुख फोटोचे! आपल्या महाराष्ट्रात रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्याची लक्ष्मी-सरस्वतीची छापील चित्रे घराघरांत पोहोचली, तेव्हा त्या चित्रांतील शालूवर जरीचे तुकडे, टिकल्या व मणी शिवून ती सजविण्याची हौस निघाली. अशी सजविलेली चित्रे आजही जपून ठेवलेली आढळतात. मी मोबाइलवर फोटोभोवती मोगऱ्याची वेल लावते, ती याच हौसेची पणती होय.

परंतु जॉन्सनच्या त्या पुस्तकातील एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली. पानांना मथळे आहेत ते जातीचे आणि धंद्याचे. अमुक जातीच्या बायका, तमुक जातीचे व्यापारी. नाकात नथ घालून, पदर सावरून ज्या बायका त्या कॅमेऱ्यापुढे बसल्या, त्यांना आईबापांनी नावे ठेवलीच असतील. पानावर ती नाहीत. चेहरा उरला आणि बाई हरवली.

याच्या उलट एक फोटो पाहा. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात १० ऑक्टोबर १८८५ रोजी तीन विद्यार्थिनींचा एकत्र फोटो निघाला. डावीकडे साडी नेसून बसलेल्या आपल्या आनंदीबाई जोशी, मध्ये जपानच्या केई ओकामी आणि उजवीकडे दमास्कसच्या साबात इस्लामबुली. तिघी आपापल्या देशाच्या वेषात. फोटोखाली तिघींची नावे व गावे दिलेली आहेत. आनंदीबाई ११ मार्च १८८६ रोजी पदवीधर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास वारल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पण त्या एका ओळीमुळे आज जगात कोठेही तो फोटो निघाला तर ही मुलगी कोण हे कोणालाही कळते. त्यांचे माहेरचे नाव यमुना होते. लग्नात ते आनंदी झाले. हा धागा पुढे कामास येईल म्हणून येथे सांगून ठेवते.

बायकांनी फोटोपुढे यावे की नाही, हाच पूर्वी प्रश्न होता. राजा दीनदयाळ या नामांकित फोटोग्राफरांनी १८९२ साली हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी निराळा जनाना स्टुडिओ काढला व तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपविला. फोटोच्या मागे राबणाऱ्या बायकाही झाल्या. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत लागला. त्याच्या फिल्मच्या पट्टीला कडेने भोके पाडणे आणि फिल्म धुणे ही कामे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी घर सांभाळून केली. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला या देशातील पहिल्या स्त्री वृत्तपत्र-छायाचित्रकार झाल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून येत ते त्यांच्या पतीच्या नावाने! पुढे त्यांचे स्वतःचे नाव झाले आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. कॅमेऱ्यापुढे काय आणि मागे काय, बाईचे नाव कागदावर यावयास नेहमी वेळच लागला आहे.

स्टुडिओतला कॅमेरा घरात आला तो ईस्टमन यांच्या कोडॅकमुळे, १८८८ साली. आपल्याकडे मध्यमवर्गाच्या घरात पुष्कळ काळ आगफाचा क्लिक-३ हा कॅमेरा असे. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो निघत, त्यामुळे एकेक फोटो मोजून काढीत. उटीला १९६० साली सरकारी कारखाना स्थापन झाला व त्याची 'इंदू' नावाची फिल्म मिळू लागली. आमच्यासारख्या खेड्यातल्या घरी मात्र फोटो म्हणजे खामगावला जाऊन काढावयाचा, नाहीतर जत्रेतल्या रंगीत पडद्यापुढे. लग्न ठरविण्यासाठी मुलीचा 'दाखवायचा' फोटो काढीत, तोच पुष्कळ बायकांचा पहिला फोटो असे. आल्बमची पाने काळ्या जाड कागदाची असत, फोटोच्या चारी टोकांना कागदी कोपरे आणि दोन पानांमध्ये जाळीदार पातळ कागद. काळ्या कागदावर शाईचे अक्षर उमटत नसे. नावे न लिहिण्याचे तेही एक कारण असावे असे मला वाटते.

आता कॉम्प्युटरकडे वळू. फोटोचे आकड्यांत रूपांतर करून तो यंत्रात घालण्याचे काम प्रथम अमेरिकेत १९५७ साली रसेल कर्श यांनी केले. आणि तो फोटो कोणाचा होता? त्यांच्या तीन महिन्यांच्या तान्ह्या मुलाचा! आडवे १७६ आणि उभे १७६ एवढेच ठिपके त्यात होते. १९७५ मध्ये कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने फिल्मवाचून चालणारा पहिला कॅमेरा बनविला. एक फोटो नोंदवावयास त्याला २३ सेकंद लागत. १९९० साली फोटोशॉप हा कार्यक्रम बाजारात आला व १९९४ पासून त्यात थर रचण्याची सोय झाली. एकावर एक काचा ठेवाव्यात, एकीवर फोटो, दुसरीवर वेलबुट्टी, तिसरीवर अक्षरे, आणि वरून पाहिले की एकच पान दिसावे, असे ते थर असतात. आजची आपली सारी डिजिटल पाने या थरांवरच उभी आहेत. पुढे ११ जून १९९७ रोजी फिलिप कान या गृहस्थाने मोबाइलला कॅमेरा जोडून पहिला फोटो धाडला, तो प्रसूतिगृहातून, नुकत्याच जन्मलेल्या मुलीचा. थोर शास्त्रज्ञांनाही नवे यंत्र हाती येताच प्रथम आपले बाळच आठवले, याचे मला मोठे समाधान वाटते. घरच्या फोटोला चाळा म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

ज्या भगिनींना हे काम करावेसे वाटते त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते. जुना फोटो चौकटीच्या काचेतून काढून दाराजवळच्या सावलीत सपाट ठेवावा, फ्लॅश बंद करावा आणि मोबाइल अगदी समांतर धरावा. छपाईला एका इंचास ३०० ठिपके धरतात. म्हणजे ४ बाय ६ इंचाच्या कार्डाला १२०० बाय १८०० आणि १२ इंची चौरस पानाला ३६०० बाय ३६०० ठिपके हवेत. या हिशेबाने कर्श यांच्या बाळाचा फोटो पाऊण इंचाहूनही लहान छापला गेला असता! व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीप्रमाणे धाडला तर त्याचे ठिपके कमी होतात, तोच डॉक्युमेंट म्हणून धाडला तर मूळचा तसाच पोहोचतो. पान झाले की त्याची एक प्रत छापून ठेवावी. आमच्या गल्लीत एका घरी मोबाइल पाण्यात पडला आणि लेकराच्या पहिल्या वर्षाचे सगळे फोटो त्याबरोबर गेले. त्या पोराच्या आजीच्या काळ्या पानांवरचे फोटो मात्र अजून जसेच्या तसे आहेत.

आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे नाव. या स्मरणिकेसाठी मंडळाच्या पहिल्या काळातील एका फोटोचे पान करण्याचे काम माझ्याकडे आले. फोटोत चौदा जणी आहेत. मागे पेन्सिलीने लिहिले आहे ते असे : पाटलांच्या सूनबाई, मास्तरांच्या मंडळी, दुकानदारांची आई. चौदांपैकी एकीचेही स्वतःचे नाव नाही. मी तो फोटो घेऊन घरोघर हिंडले. ऐंशी ओलांडलेल्या एका आजीबाईंनी डोळ्यांशी धरून एकेक चेहरा ओळखला, काही नावे आठवली, काही आठवली नाहीत. मग म्हणाल्या, "बाई, चेहरा त हाय वं, पन मी गेल्यावर नाव कोन सांगन?" दोन महिन्यांत बारा नावे मिळाली. दोघींची नावे अजूनही मिळालेली नाहीत. त्यांनी मंडळासाठी पापड लाटले असतील, वर्गणी मागितली असेल, सतरंज्या टाकल्या असतील. आज त्या आपल्याच फोटोत पाहुण्यासारख्या उभ्या आहेत.

आपल्या बायकांच्या बाबतीत हे अधिकच घडते. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहितात आणि माहेरचे नाव मागे पडते. यमुनेची आनंदी झालेली आपल्याला माहीत आहे, कारण कोणीतरी ते लिहून ठेवले. आपल्यापैकी कितीजणींच्या सुनांना सासूचे माहेरचे नाव ठाऊक आहे? म्हणून मी करते त्या प्रत्येक पानावर चार गोष्टी घालते : माहेरचे नाव, सासरचे नाव, गाव आणि साल. वेलबुट्टी एखादे वेळी राहिली तरी चालेल, या चार गोष्टी राहता कामा नयेत.

माझी भगिनींस विनंती एवढीच की, आपल्या घरातील सर्वांत म्हाताऱ्या बाईपुढे या आठवड्यातच जुन्या फोटोंची पिशवी उघडावी आणि ती सांगेल ते लगेच लिहून घ्यावे. चौदांचा तो फोटो या स्मरणिकेत छापला आहे. बारा नावे खाली दिली आहेत आणि दोन जागा मोकळ्या सोडल्या आहेत. डावीकडून तिसऱ्या उभ्या आहेत त्या आणि खाली बसलेल्यांत अगदी उजवीकडच्या, या दोघींना कोणी ओळखत असेल, तर मंडळात येऊन कृपया सांगावे. पुढच्या छपाईत त्या जागा भरावयाच्या आहेत.