ऑर्लोव्ह सेट: पॅरिसची चांदी रशियात का वाचली?

रशियाची सम्राज्ञी कॅथरीन दुसरी हिने १७७० मध्ये पॅरिसच्या जाक रोएतिए आणि त्यांचा मुलगा जाक-निकोला यांच्याकडे चांदीच्या भांड्यांचा एक प्रचंड सेट करायला दिला. पुढे तिने तो आपला निकटवर्ती काउंट ग्रिगोरी ऑर्लोव्ह याला भेट दिला. १७६२ मध्ये तिला गादीवर बसवणाऱ्या उठावात ऑर्लोव्हचा मोठा वाटा होता. त्याच्याच नावाने हा सेट ओळखला जातो.

एवढी भांडी कशासाठी?

या सेटमध्ये सुमारे तीन हजार नग होते. तेव्हाच्या फ्रेंच पद्धतीत एका फेरीतले सगळे पदार्थ एकाच वेळी टेबलावर मांडत आणि पाहुणे आपापल्या हाताने वाढून घेत. त्यामुळे जेवणाच्या ताटांबरोबरच वाढायची मोठी ताटे, सुपाची झाकणाची भांडी आणि मेणबत्त्यांची घरे असा सगळा जामानिमा लागे. ही मांडणी म्हणजे यजमानाच्या वैभवाचे प्रदर्शनच असे.

फ्रान्समधली चांदी कुठे गेली?

आपल्याकडे अडीनडीला दागिना मोडतात, तशीच युरोपातल्या सरदारांची ताटेही मोडली जात. चांदीचे ताट म्हणजे साठवलेला पैसाच. युद्धखर्चासाठी चौदाव्या लुईने १६८९ मध्ये व्हर्सायमधले चांदीचे फर्निचर टांकसाळीत पाठवून वितळवले. १७०९ आणि १७५९ मध्ये सरदारांच्या घरची चांदीही याच वाटेने गेली. उरलीसुरली बरीचशी राज्यक्रांतीच्या काळात वितळली. धातूची किंमत हाती आली, पण कारागिरी कायमची गेली. म्हणूनच त्या काळातली फ्रेंच चांदी आज दुर्मीळ आहे आणि परदेशी गेलेल्या ऑर्लोव्ह सेटचे मोल मोठे आहे.

सेटचे पुढे काय झाले?

१७८३ मध्ये ऑर्लोव्हच्या मृत्यूनंतर हा सेट पुन्हा राजघराण्याने विकत घेतला. विसाव्या शतकात सोव्हिएत सरकारने परकीय चलनासाठी राजवाड्यांतल्या अनेक मौल्यवान वस्तू विकल्या. त्यात या सेटमधलेही बरेच नग होते. आज काही नग मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये, तर काही न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. काही मात्र पॅरिसच्या निसीम द कमाँदो संग्रहालयात आहेत, म्हणजे जिथे घडले त्याच शहरात परतले आहेत.